बाबांच्या छातीचं कारण

रविवार, २३ फेब्रुवारी २०२०

जिंकलो. खाण बंद पडल्यापासून ज्या गावाचं नाव कुणी घेत नाही, त्या कोल्डथॉर्पच्या हौशी पोरांनी पगारी संघाला त्यांच्याच मैदानावर हरवलं. रग्बी कपाच्या इतक्या वरच्या फेरीत आमचा क्लब कधीच गेला नव्हता.

ही डायरी नाताळात जनीननं, माझ्या बहिणीनं दिली. तेव्हा मी तिला हसलो होतो. आज उघडली, कारण कप्तान म्हणून आजचा दिवस विसरायचा नाही. गंमत अशी की अर्धा दिवस आधीच विसरलोय. मध्यंतरानंतर एकाला अडवायला खाली वाकलो आणि त्याचा गुडघा कानशिलावर बसला. पुढचं काही नाही. जिंकून देणारा ट्राय डॉबीनं रेषेपलीकडे चेंडू टेकवून केला म्हणे, आणि त्याच्या हातात चेंडू मी दिला म्हणे. सगळे पाठ थोपटतात, मी "हो ना" म्हणतो.

मोरीन बादली नि स्पंज घेऊन धावत आल्या होत्या, तेवढं आठवतं. निवृत्त नर्स, आमच्या क्लबाच्या डॉक्टर म्हणा, आई म्हणा, त्याच. "शेन, बोटं किती?" मला मोरीनच दोन दिसत होत्या. त्यांच्या पाठीमागून डॉबीनं तीन बोटं वर केली. "तीन," मी म्हणालो. "वार कोणता?" डॉबीचे ओठ हलले. "रविवार." त्यांनी बराच वेळ डोळ्यांत बघितलं आणि सोडलं. मी आणि डॉबी शाळेतही असेच पास व्हायचो.

बाबांनी सामना घरी रेडिओवर ऐकला. खाणीतली धूळ छातीत घेऊन बसलेल्या माणसाला फेब्रुवारीचा वारा सोसत नाही. मी आलो तेव्हा डोळे पुसत होते. "कांदा चिरत होतो," म्हणाले. घरात कांदा नव्हता.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

पुढच्या फेरीत गाठ कुणाशी, त्याचा ड्रॉ निघाला. एअरडेल! सुपर लीगमधला संघ, टीव्हीवर दिसणारी माणसं, आणि सामना आमच्या मैदानावर. एकवीस मार्चला.

उपासाआधीचा पॅनकेकचा दिवस म्हणून क्लबात आधीच गर्दी होती. नाव निघताच छत उडेल असा ओरडा झाला. मीही ओरडलो. नेव्हनं, आमच्या प्रशिक्षकानं, मला उचलून टेबलावर उभं केलं. वरून सगळ्यांची तोंडं दिसत होती आणि मला एकच वाटत होतं, की इथून उतरून कुठेतरी लपावं.

घरी येऊन ओकलो. बाबा दाराबाहेर उभे.

"पॅनकेक बाधले काय रे?"

"हो. लिंबू जास्त झालं."

"तू तर साखर लावून खातोस," म्हणाले आणि निघून गेले.

रविवार, १ मार्च

डॉबीनं फोनवर एअरडेलच्या ब्रेथवेटचे टॅकल दाखवले. एक गडी असा काही उडाला की त्याचा बूट निघून पडला. डॉबी हसून लोळला. "हा तुझ्या वाट्याला येणार, कप्तान! बुटाच्या नाड्या घट्ट बांध." मीही हसलो.

मी घाबरलोय. लिहून टाकलं एकदाचं. सोळाव्या वर्षापासून खेळतोय, नाक मोडलंय, बरगड्या मोडल्यात, कधी मागे सरलो नाही. आता डोळे मिटले की तो गुडघा येतो. कारखान्यात गाद्या शिवताना वरच्या ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांत टोचतो, दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागतं. काल फोरमनचं नाव आठवेना, त्याला नुसतं "अहो" म्हणून वेळ मारून नेली. भीती माणसाची अशी दैना करते हे मला माहीत नव्हतं.

माघार घ्यावी म्हटलं तर ती घेणार कशी? आमच्याकडे संघातून नाव काढायचं तर गुरुवारी सरावाला यायचं आणि सगळ्यांसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगायचं. फोन चालत नाही, निरोप चालत नाही. खाणीच्या काळापासूनची रीत आहे. वॉल्टर साइक्सनं एकदा बायकोकडून निरोप पाठवला होता. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. वॉल्टर आता कमिटीवर आहे, केस पांढरे झालेत, तरी तो क्लबात शिरला की कुणीतरी विचारतंच, "वॉल्टर, बायकोला विचारून आलास ना?" त्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसतात ते माझे बाबा.

गुरुवार, १२ मार्च

ठरवून गेलो होतो. सरावानंतर सांगायचं, की डोकं बरं नाही, दुसरा कप्तान बघा.

तिथे सगळी थट्टाच चालली होती. हात मिळवायचा नाही म्हणून जो तो कोपराला कोपर लावत होता आणि मग पाण्याची एकच बाटली सगळ्यांच्या तोंडून फिरत होती. मोरीननं ती हिसकावून घेतली. "गाढवांनो, टीव्ही बघता की नाही?" नेव्ह म्हणाला, "मोरीन, खाणीतली धूळ पचवलीय या गावानं. सर्दीचं काय घेऊन बसलीस!"

मग मी उभा राहिलो. "नेव्ह, मला काही सांगायचंय."

सगळे वळले. वॉल्टर दारात पाइप भरत होता, त्यानंही मान वर केली. माझ्याच तोंडून शब्द आले, "तो ब्रेथवेट माझा. बाकीचे तुम्ही वाटून घ्या."

नुसता गदारोळ. डॉबीनं मला खांद्यावर घेतलं. मोरीन तेवढ्या हसल्या नाहीत. जाताना दंड धरून म्हणाल्या, "झोप लागते का रे बाळा?" मी म्हणालो, मेल्यासारखी.

सोमवार, १६ मार्च

सगळे सामने बेमुदत बंद.

बातमी आली तेव्हा मी कारखान्याच्या गोदामात होतो. गाद्यांच्या ढिगावर बसलो आणि हसलो. हसू आवरेना. जीव भांड्यात पडणं काय असतं ते आज कळलं. आणि लगेच आठवलं की टीव्हीवर इटलीतल्या शवपेट्या दाखवतायत. लोक मरतायत आणि हा माणूस गादीवर बसून खुशीत हसतोय, कारण त्याला एका शनिवारपासून सुटका मिळाली.

फोरमन आला. मी तोंडावर हात घेतले. त्याला वाटलं रडतोय. त्यानं पाठीवर हात ठेवला. "फार वाईट झालं रे. तुझी एकच संधी होती." मी मान हलवली. कुठे तोंड लपवावं असं झालं.

गुरुवार, २ एप्रिल

कारखाना बंद. बाबांना सरकारी पत्र आलंय, घराबाहेर पाऊलही टाकायचं नाही. मी बाजार आणतो, डबे नि पिशव्या साबणानं धुतो. बाबा म्हणतात, "ब्रेडला तरी साबण लावू नकोस."

संध्याकाळी नर्सांसाठी टाळ्या वाजवायला सगळी गल्ली दारात उभी राहिली. शेजारच्या आयव्हीबाई पातेलं बडवत होत्या. टाळ्या थांबल्या तशा ओरडून म्हणाल्या, "तुझा सामना गेला रे शेन! माझा तर जीव तुटतो!" समोरच्यानं माझ्यासाठी वेगळ्या टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या गल्लीनं वाजवल्या. मी हात वर करून मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

दारात कुणीतरी मटण भरलेली पेस्ट्री ठेवून गेलंय. ही या आठवड्यातली तिसरी. खातो. चव चांगली असते, तेच वाईट आहे.

शनिवार, ११ एप्रिल

दुपारभर दूध सापडत नव्हतं. ओव्हनमध्ये सापडलं. मीच ठेवलं असणार, कारण बाबा तोवर खुर्चीतून उठलेच नव्हते. त्यांनी पाहिलं. दूध काढलं, फ्रिजमध्ये ठेवलं आणि ओव्हनचं भिंतीवरचं बटणच बंद केलं.

शनिवार, २५ एप्रिल

मोरीनचा फोन होता. माणसं कमी पडतात म्हणून त्या पुन्हा कामावर गेल्यात, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात. आवाज थकलेला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, मग एकदम म्हणाल्या, "शेन, खरं सांग. त्या दिवशी तीन बोटं तुला दिसली होती का?"

"दिसली की."

"मी चार दाखवली होती, बाळा. डॉबीला मोजता येत नाही हे मला पहिलीपासून ठाऊक आहे. आणि तरी मी तुला खेळू दिलं. सारखं मनात येतं."

मी म्हणालो, "मोरीन, मी एकदम ठणठणीत आहे." त्या म्हणाल्या, "हे सगळं संपलं की तुला नीट तपासते."

मंगळवार, १२ मे

मोरीन काल गेल्या. दवाखान्यात, कुणी जवळ नव्हतं.

बुधवार, २० मे

अंत्ययात्रेला फक्त घरचे. म्हणून आम्ही पोरं जर्सी घालून मैदानाच्या भिंतीलगत अंतर ठेवून उभे राहिलो. गाडी हळू झाली. डॉबी लहान मुलासारखा रडला. मला रडू येईना. ज्या रोगानं मला त्या सामन्यातून सोडवलं, त्यानंच मोरीनना नेलं, आणि मार्चमध्ये मी त्याच्या नावानं गाद्यांवर बसून हसलो होतो. जर्सी अंगाला चावत होती.

रविवार, १९ जुलै

मला वाटलं होतं, संपलं. नाही संपलं.

कप पुन्हा सुरू होतोय. बावीस ऑगस्टला, एअरडेलच्या मैदानावर, प्रेक्षक नाहीत, आधी सगळ्यांच्या नाकात काडी घालून तपासणी. खेळायचं की माघार घ्यायची, ते सहा ऑगस्टपर्यंत कळवा म्हणाले.

संध्याकाळी फोनच्या पडद्यावर सगळे जमले. अर्ध्यांची टकलं दिसत होती, अर्ध्यांची छतं. नेव्ह म्हणाला, "मोरीनसाठी खेळायचं. हरलो तर हरलो, पण जर्सीवर तिचं नाव घालून हरू." सगळ्यांनी मुठी वर केल्या. दोघं दवाखान्यात कामाला आहेत, ते येऊ शकत नाहीत. एकाची बायको पोटुशी आहे. नेव्हनं बोटं मोजली. "शेनला धरून बरोबर सतरा. एक जरी गळाला तरी संघ भरत नाही. काय कप्तान?"

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बाबांची छाती."

सगळे एकदम बोलायला लागले. अरे हो रे, क्लिफकाका आहेत घरी, आपण विचारच केला नाही. डॉबीनं लांब सुस्कारा सोडला. बिचारा, त्याची किती इच्छा होती खेळायची. नेव्ह म्हणाला, "त्यात काही वावगं नाही, शेन. बाप तो बाप. पण सहा तारखेपर्यंत विचार कर. आणि नाहीच जमलं तर गुरुवारी येऊन सांग. रीत आहे ती, तुला माहीतच आहे."

मी माझ्या बापाच्या छातीमागे लपलो. चौतीस वर्षांचा घोडा.

सोमवार, २० जुलै

भिंती पातळ आहेत, बाबांनी कालचं सगळं ऐकलं असणार. सकाळी उठलो तर जिन्याच्या पायथ्याशी बाबांची बॅग भरून ठेवलेली. वर टोपी.

"जनीनला फोन केला," बाबा म्हणाले. "ब्रिडलिंग्टनला जातो महिनाभर. तिच्याकडे मागची खोली रिकामी आहे. समुद्राची हवा छातीला चांगली, असं पत्रातला डॉक्टरही म्हणतो."

"काही गरज नाही."

"मग तू खेळायला मोकळा."

"मी म्हटलं ना गरज नाही! इथे कोण तुमची औषधं बघणार? तिला तीन पोरं आहेत!"

असा ओरडलो की त्यांना ठसका लागला. खुर्चीचा हात धरून कितीतरी वेळ खोकत होते. पाणी दिलं. प्यायले. माझ्याकडे बघत राहिले, रागानं नव्हे. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"तुला खेळायचंय का, शेन?" शेवटी विचारलं.

"कुणाला नसणार?"

"मी सगळ्यांचं नाही विचारत."

मी कचरा टाकायला बाहेर गेलो. कचऱ्याचा वार नव्हता.

रविवार, २ ऑगस्ट

अंगाला अंग लावून सराव करायची परवानगी मिळाली. म्हटलं, जाऊन तर बघू, भीती मोडते का. डॉबी अंगावर आला. नेहमीसारखाच, शंभर वेळा झेललाय मी त्याला. मी पडलो आणि मैदान बोटीसारखं हलायला लागलं. सगळे हसले. "कप्तान गंजलाय!" मीही हसलो. उठायला वेळ लागला.

परत येताना चुकलो. चुकलो म्हणजे रस्ताच आठवेना. जिथे जन्मलो त्या गावात टपालपेटीपाशी उभा राहिलो आणि डावीकडे की उजवीकडे ते कळेना. एक बाई कुत्रं घेऊन चालली होती, तिच्या मागे मागे गेलो. मग चर्च दिसलं आणि सगळं जागेवर आलं. भित्र्या माणसाला घराचा रस्तासुद्धा सापडत नाही.

बाबा खिडकीत होते. "एवढा उशीर?"

"पोरांशी बोलत होतो."

"पोरं तर कधीच गेली गाडीतून," बाबा म्हणाले.

गुरुवार, ६ ऑगस्ट

सगळं जसं झालं तसं लिहितो.

कारखाना आता अर्धा दिवस चालतो. दिवसभर टाके घालता घालता ठरवलं, आज जाऊन 'खेळतो' म्हणायचं. मोडलं डोकं तर मोडलं. निदान मागून कुणी हसणार नाही. बाबांना जनीनकडे पोचवायचं, बावीस तारीख उरकायची, पुढचं पुढे. ठरल्यावर हलकंही वाटलं. कामावरून सुटलो तो थेट क्लबाकडे चालत गेलो.

गाड्या लावायच्या जागेत पोरं अंतर ठेवून उभी होती. वॉल्टर आणि कमिटीचे म्हातारे भिंतीपाशी. मध्ये, लोखंडी कठड्याला धरून, माझे बाबा.

मार्चपासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. घरापासून क्लबापर्यंत सगळा चढ आहे. अंगात लग्नाकार्याचा कोट, मास्क नाकाखाली घसरलेला, ओठ निळसर. एकेक शब्द ओढून काढत होते.

"...तो खेळणार म्हणतो. मीच नको म्हटलं. पाया पडलो त्याच्या. मला इतक्यात मरायचं नाही."

पोरं खाली बघत होती. बाबांनी कुणाच्या पाया पडणं म्हणजे काय, हे कोल्डथॉर्पमध्ये समजावून सांगावं लागत नाही. खाणीच्या संपाच्या वर्षी पोलिसांच्या घोड्यांपुढून न हललेला माणूस तो.

वॉल्टर पुढे आला. केवढी वर्षं वाट बघितली असेल त्यानं. "पोरगा कुठाय, क्लिफ? माणसानं स्वतः येऊन सांगावं, असं कोण म्हणायचं बरं?"

"स्वतःच आलोय, वॉल्टर," बाबा म्हणाले. "भीती माझी आहे. म्हणून मी आलो."

"सगळ्या गावाची एकच संधी होती."

"ठाऊक आहे."

"मोरीनच्या नावानं खेळणार होती पोरं."

"तेही ठाऊक आहे. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

कुणी शिव्या दिल्या नाहीत. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हाताऱ्याचा जिवावर लोभ बघ." आणि दुसरं कुणीतरी हसलं.

मी फाटकाशी होतो. डॉबीनं मला बघितलं, मग बाबांनी. मला एवढंच म्हणायचं होतं: खोटं आहे हे, मी खेळतो. किंवा: खोटं आहे हे, घाबरलोय तो मी. दोन्हींतलं काहीही चाललं असतं. तोंड उघडलं. बाबांनी मान हलवली, अगदी थोडी, नाही म्हणून. आणि मी तोंड मिटलं. त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे. मिटायला निमित्त हवंच होतं.

नेव्हनं गाडीतून घरी सोडलं, खिडक्या उघड्या ठेवून. घरी बाबा कोटासकट खुर्चीत बसले. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"बाबा, का केलंत असं?"

"तू मला दोनदा चहात मीठ घालून दिलंस. मी प्यायलो. परवा मला अंकल रेज म्हणालास. रेज मरून जमाना झाला." थांबून श्वास घेतला. "डोक्याला मार खाऊन खाऊन क्लबातला आमचा जॉर्ज असाच झाला होता. बायकोचं नाव विसरून मेला. डॉक्टरकडे जा, पोरा. छाती काय, माझी जायचीच आहे. तिच्यावर ढकल तुला ढकलायचं ते."

त्यांना वाटतं माझ्या डोक्याला काही झालंय. मी नुसता भित्रा आहे, हे बापाला कसं सांगायचं? मी "हो" म्हणालो आणि त्यांचे बूट काढले.

शनिवार, २२ ऑगस्ट

एअरडेल न खेळताच पुढच्या फेरीत. आज दिवसभर ऊन होतं. बाबा सकाळपासून रेडिओ लावत नव्हते. मीही लावला नाही.

सोमवार, १४ सप्टेंबर

बाबांचं सामान आणायला गेलो होतो. खाटकानं सॉसेज बांधता बांधता विचारलं, "क्लिफ कसा आहे? जपतोय ना जिवाला?" मागच्या दोन बायका हसल्या. मग माझ्याकडे वळून त्यातली एक म्हणाली, "तू फार सोसलंस रे. दुसरा कुणी असता तर बापाचं ऐकलं नसतं." पिशवीत दोन सॉसेज जास्त घातली होती.

क्लब उघडलाय, टेबलं दूर दूर मांडून. बाबांचे जुने सोबती शुक्रवारी तिथे बसतात. पूर्वी कुणी ना कुणी फोन करायचंच, आता कुणी करत नाही. बाबा म्हणतात, त्यांनाच एवढ्या गर्दीत जायचं नाही. आठ म्हातारे, त्याला गर्दी म्हणतात.

डॉक्टरची वेळ आज सकाळची होती. निघालो, अर्ध्यावरून परतलो. त्यानं तपासून डोकं ठीक आहे म्हटलं तर? मग माझ्याकडे काय उरेल?

शनिवार, १७ ऑक्टोबर

आज अंतिम सामना होता. वेम्बली रिकामं. खुर्च्याच खुर्च्या, आणि मध्ये पोरं एकमेकांवर आदळत होती. आदळल्याचा आवाज इतका स्पष्ट येत होता की प्रत्येक वेळी माझे डोळे आपोआप मिटत होते. बाबा सामना बघत होते, आणि मधूनमधून मला.

मध्यंतराला डॉबी आला. आत येता येत नाही म्हणून पुढच्या अंगणात उभा राहिला आणि आम्ही खिडकी वर केली. हातात बिअरचे डबे, थोडी चढलेली. एक डबा चौकटीवर ठेवला, माझ्यासाठी. बाबांसाठी ठेवला नाही. असं तो कधी करत नाही.

"क्लिफकाका," म्हणाला, हसत होता, पण ते हसणं बरं नव्हतं. "आज मी सांगणार होतो लोकांना, की यातल्या एअरडेलला आम्ही भिडलो होतो. तुमच्या छातीनं सगळं बुडवलं बघा."

"खरंय रे," बाबा म्हणाले. "म्हातारा घाबरला."

"हा तर ब्रेथवेटला एकटा घेणार होता. आम्ही सगळ्यांनी ऐकलंय." डॉबीनं माझ्याकडे बोट केलं. "वाघ आहे वाघ. आणि तुम्ही त्याला दावणीला बांधलंत."

बाबांनी मान डोलावली. खोकला आला, तो रुमालात दाबला. डॉबी माझ्याकडे बघत होता. मी काहीतरी बोलावं, निदान "जाऊ दे रे, म्हातारे आहेत" एवढं तरी म्हणावं, याची वाट बघत असावा. किंवा त्याला भलतंच काही ऐकायचं असेल, कोण जाणे. काय बोलायचं ते मला माहीत होतं. चौकटीवर हात ठेवून उभा होतो. एक वाक्य. चार शब्दांचं: बाबा नव्हे, मी घाबरलो.

सामना पुन्हा सुरू झाला.

"आवाज वाढव," बाबा म्हणाले.

मी वाढवला.